फियाटचे डोळे

ज्याने जन्मात कधी कुंचला हातात धरला नाही त्याने कुंचले विकू नयेत, एवढंच सगुणाचं म्हणणं होतं. पण ऐकतो कोण? एप्रिल संपता संपता घाटावरून पार्सल आलं. मागवला होता तीन शून्यांचा कुंचला, ज्याच्या टोकाला मोजून चार केस असतात. खोक्यातून निघाला दाराची चौकट रंगवावी असा झाडू. वर फुकटात एक स्टिकर, त्यावर दात विचकून हसणारी, डोळे वटारलेली मोटारगाडी. सगुणाने फोन लावला तर पलीकडून कोणी मुलगी म्हणाली, "काका, तोच वापरा ना, फक्त हलक्या हाताने मारा." हलक्या हाताने! शिरगावच्या बाजूला खाणीच्या वर्कशॉपात सत्तावीस वर्षं टिपर ट्रकांवर नंबर रंगवलेल्या माणसाला ही हलका हात शिकवणार. "शिरा पडो तुमच्या दुकानार!" म्हणून त्याने फोन आपटला. म्हणजे आपटायच्या आवेशात उचलला आणि मेजावर हळूच ठेवला, कारण फोन मुलाने घेऊन दिलेला होता.

खाण बंद पडली तेव्हापासून सगुण डिचोलीच्या घरात बसून गाड्या करत होता. वीतभर लांबीच्या, पण हुबेहूब. पत्रा कापायचा, लाकूड तासायचं, दाराच्या कड्यासुद्धा हाताने वळवायच्या. पुढच्या खोलीत जनेलाखाली, खिडकीच्या उजेडात त्याचं मेज आणि भिंतीवरच्या फळ्यांवर एकतीस गाड्या. चाकं आणि रंग तेवढे विकतचे, आणि तिथेच सगळं घोडं अडायचं. चार चाकं मागवली की तीन यायची, त्यातलं एक भलत्याच मापाचं. तक्रार केली की तिकडून अंगठा आणि हसरा चेहरा यायचा. मुलगा गौरेश म्हणायचा, "बाबा, हे आता मशीनवर छापून मिळतं, दोन तासांत." "मगे काढ छापून!" सगुण म्हणायचा. त्याला दोन वर्षं झाली, गौरेश अजून छापतोच आहे.

वर्षातून एका कामापुरता मात्र सगुण ह्या गाड्या बाजूला ठेवायचा. त्याच्या घराण्याची गणपतीची चित्रशाळा होती, ती आता थोरली चुलत बहीण पद्मावतीबाय चालवायची. माती, साचे, रंग सगळं तिची माणसं बघायची, पण चवथीच्या आधी मूर्तीचे डोळे उघडायला सगुणच लागायचा. त्यासाठी बापाच्या हातचा खारीच्या केसांचा एक कुंचला होता, फडक्यात गुंडाळून देवाच्या फळीवर ठेवलेला. त्याने दुसरं काही रंगवायचं नाही. आणि डोळे उघडताना मूर्तीच्या समोर कोणी बसायचं नाही, ही आणखी एक रीत. रंगवणाऱ्याने कुशीला बसायचं, मूर्तीसमोर आरसा ठेवायचा, म्हणजे पहिली नजर आरशात जाते, माणसावर पडत नाही. पडली तर काय होतं, हे लहानपणी सगुणाने बापाला विचारलं होतं आणि उत्तरादाखल एक थोबाडीत खाल्ली होती.

मे महिना लागला तशी नात आली. गौरेश आणि पल्लवी दोघंही नोकरीवाली, म्हणून सात वर्षांची तनया सुट्टीपुरती पेडण्याहून डिचोलीला. पोर गोड, पण हातात सदा फोन, आणि फोनमध्ये सदा ती कार्टूनं. बस बोलते, ट्रक रडतो, क्रेनला पोट दुखतं. सगुणाचं डोकं फिरायचं. अरे, गाडीला इंजिन असतं, गिअर असतो, ते दाखवा की पोरांना! गाडीला डोळे लावून तिला रडवायचं ही कसली अक्कल? बायको देवकी आतून म्हणायची, "तुम्ही एकतीस गाड्यांशी दिवसभर बोलता, ता चालता?"

त्या दिवशी दुपारी सगुण आकाशी रंगाच्या फियाटवरून शेवटचा हात फिरवत होता. दोन वर्षं खपून केलेली, जूनमध्ये पणजीच्या प्रदर्शनात जायची होती. तनया येऊन मेजासमोर उभी राहिली आणि गाडीकडे बघत म्हणाली, "आबा, ही आंधळी आहे?"

"गाडी आंधळी कशी आसतली गो? ह्ये बघ दिवे."

"दिवे म्हणजे डोळे नव्हेत. डोळे काचेवर असतात. पुढच्या." तिने फोन पुढे केला. पडद्यावर एक लाल गाडी पापण्या फडफडवत होती.

सगुणाने मग तिला अर्धा तास व्याख्यान दिलं. कार्टूनवाल्यांची, फोनवाल्यांची, कुंचलेवाल्यांची एकाच दमात पूजा बांधली. पोरीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्हाला डोळे काढता येत नसतील तर राहू दे हां, आबा."

झालं! चवथीला दीडशे गणपतींचे डोळे उघडणाऱ्या माणसाला डोळे काढता येत नाहीत? सगुण तिरीमिरीत उठला. पार्सलमधला तो झाडू काही कामाचा नव्हता. तो देवाच्या फळीकडे गेला, फडकं सोडलं, कुंचला घेऊन आला. खेळण्याला कसली रीत आणि कसलं काय! सवयीने तो गाडीच्या कुशीला बसला. आरसा ठेवायच्या जागी तनया स्टुलावर बसून, हनुवटी मेजावर टेकून, पापणी न हलवता बघत होती. आरशाचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

कुंचला टेकला आणि हाताला आपली जुनी वाट सापडली. आधी वरची रेघ, मग खालची, मग पांढरा, मग बुबुळ. कार्टूनसारखे बटबटीत डोळे काढायचे होते, पण हाताने ते काढलेच नाहीत. काचेवर उमटले ते लांबट, शांत, अर्धे मिटल्यासारखे डोळे. शेवटचा काळा ठिपका टेकला तेव्हा परसातला कावळा ओरडता ओरडता थांबला. तनया हसली नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. ती नुसती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तिने मला बघितलं."

संध्याकाळी दिवा लावायला देवकी पुढच्या खोलीत आली आणि उंबऱ्यातच थबकली. "ह्या काय केलात? असले डोळे खेळण्याक काढतत?"

"पोर हटून बसला," सगुण म्हणाला, आणि आपल्याच आवाजातली चोरी त्याला ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी सगळा रंग वाळला, बुबुळं तेवढी ओली. तिसऱ्या दिवशीही ओलीच. बोट लावलं तर बोटाला काही लागत नव्हतं, पण चकाकी जात नव्हती. सगुणाने त्याचा दोष रंगवाल्याला दिला. हल्ली रंगात भेसळच एवढी असते! त्याने दुकानाला एक लांबलचक संदेश पाठवला. तिकडून अंगठा आला.

त्याच दुपारी तो चष्मा शोधत होता. तनया मागच्या पडवीत, भिंतीपलीकडे, चिंचोके खेळत होती. तिथून ओरडली, "आबा, चष्मा डोक्यावर आहे तुमच्या!" सगुण हसला. बरोबर, डोक्यावरच होता. हसून झाल्यावर त्याने मधल्या भिंतीकडे पाहिलं. आठ इंची भिंत, तिला ना झरोका ना दार. पोरं चुणचुणीत असतात, म्हणून त्याने विषय सोडून दिला.

मग पोर धडपडायला लागली. आधी उंबऱ्याला ठेचकाळली. मग दुधाचा पेला घ्यायला गेली तर हात पेल्याच्या बाजूने निघून गेला. जेवताना भाताचा घास गालावर. "बाय, खय बघतस?" देवकीने विचारलं, तर म्हणाली, "जनेलातून ऊन आलंय मेजावर." ती बसली होती स्वयंपाकघरात. जनेल होतं पुढच्या खोलीत, आणि तिथे खरोखरच मेजावर ऊन आलं होतं.

देवकीने पाटावरून उठून पोरीचे डोळे धुतले, मीठ-मोहरी ओवाळली आणि नवऱ्याला म्हणाली, "आत्ताच्या आत्ता म्हापशाक चला." तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरने तासभर तपासलं. दिवा मारला, थेंब घातले, अक्षरं वाचायला सांगितली. पोरीला एक अक्षर वाचता येईना. डॉक्टर बिचारा बुचकळ्यात पडला. डोळे निरोगी आहेत म्हणाला, बांबोळीला मोठ्या हॉस्पिटलात दाखवा, आणि तोवर मोबाईल बंद. सगुणाला एवढंच हवं होतं. "मी सांगत होतंय!" परतीच्या वाटेवर तो रिक्षात गरजत होता. "ह्या कार्टुनांनीच पोरीचे डोळे खाल्ले!" आपलं म्हणणं खरं ठरल्याचा त्याला मनातल्या मनात थोडा आनंदसुद्धा झाला. त्या आनंदाची पुढे त्याला फार लाज वाटली.

बांबोळीचा नंबर सोमवारचा लागला, गौरेश-पल्लवीने रविवारी यायचं ठरवलं आणि फोन कपाटात गेला. काही फरक पडला नाही. आता पोर दिवसभर पडवीत एकाच जागी बसायची आणि आपण होऊन बोलायची. "पोदेर आला. पाव देतोय आजीला." "आबांनी नाक खाजवलं." पुढच्या खोलीत जे घडेल ते. बाकीचं जग तिच्यापुरतं संपलं होतं. तिच्यासमोर हात हलवला तरी पापणी हलत नव्हती.

शनिवारी पणजीला गाडी पाठवायची म्हणून सगुणाने खोका काढला. खरं तर त्याला ती घरात नकोशी झाली होती, पण हे त्याने स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. कापसात गुंडाळून त्याने फियाट खोक्यात ठेवली आणि झाकण लावलं.

पडवीतून किंकाळी आली. "आबा! अंधार झाला! आबा, काही दिसत नाही!"

त्याने झाकण काढलं. किंकाळी थांबली. मागून हुंदके ऐकू येत होते आणि देवकी "काय झाला, काय झाला" करत धावत होती. आणि मग त्याने एक गोष्ट केली जी त्याने कधीच कोणाला सांगितली नाही. खात्री करायला त्याने झाकण पुन्हा लावलं. पोर पुन्हा ओरडली. त्याने खोका फाडला, फियाट मेजावर ठेवली आणि तिच्या त्या ओल्या डोळ्यांत बघितलं. डोळे त्याच्याकडे बघत नव्हते. ते त्याला ओलांडून पडवीच्या भिंतीकडे लागले होते.

स्कूटर काढून तो थेट चित्रशाळेत गेला. पद्मावतीबाय साचे पुसत बसली होती. पंचाहत्तरीची बाई, पण नजर अजून घारीची. सगुणाने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिने आधी एवढंच विचारलं. "आरसो खय होतो?"

"नाय ठेवलंय."

"समोर कोण होता?"

"नात," सगुण म्हणाला. तिने साचा खाली ठेवला.

"गाढवा," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. "देवाचे डोळे उघडतत तेव्हा आत देव येऊचो आसता. तो माणसाक बघता आणि आशीर्वाद देता. तुझ्या गाडयेत कोण येतला? आत कोणच नाय. रिकाम्याक डोळे दिलंस, तेणी पयला जेका बघितल्यान, तेचीच नजर घेतल्यान."

"पाण्यात सोडूया," सगुण म्हणाला. "विसर्जन करूया."

"कर. मगे त्या पोरीक जल्मभर नदीचो तळ दिसतलो."

बाहेर काजूच्या बोंडांचा आंबूस वास येत होता. पुसून टाकले तर, असं विचारायला त्याने तोंड उघडलं आणि खोक्याचा अंधार आठवून परत मिटलं.

"एक वाट आसा," पद्मावतीबाय म्हणाली. "डोळे परत उघडूचे. त्याच कुंचल्यान, त्याच हातान. समोर दुसऱ्या कोणी तरी बसाक होया. आरशान आता फसूची नाय ती गाडी, तिका माणूस कळलो. आणि आयक सगुणा, पोर सुटली की तिका परत कधी त्या गाडयेच्या समोर आणू नको. पयली वळख ती. एकदा पोर दिसली की गाडी परत तिच्याकडेच जायत, आणि दुसऱ्या खेपेक सोडूची नाय."

कोण बसणार, हे तिने विचारलं नाही. सगुण उठला तेव्हा ती त्याच्या हाताकडे बघत होती. "चवथीक आता डोळे कोण उघडतलो?" ती स्वतःशीच म्हणाली.

घरी येताना त्याने स्कूटर फार हळू चालवली. रस्त्याकडेच्या प्रत्येक गोष्टीकडे तो बघत होता. फणसाला लगडलेले फणस, खाणीच्या लाल धुळीने माखलेला वडाचा पार, सायकलवरून जाणारी पोरं. ही तीच पोरं, जी फोनमध्ये मान घालतात म्हणून तो रोज शिव्या द्यायचा. त्यातल्या एकाने हात हलवला. सगुणाने दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि पडता पडता वाचला.

देवकीला त्याने एवढंच सांगितलं, "पोरीक घेऊन परसात जा. मी सांगीपर्यंत आत येव नको." देवकी काही विचारणार होती. पण त्याने तिच्या तोंडाकडे असं काही बघितलं, इतका वेळ, की ती गोंधळली. चाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. "कित्या असो बघतास?" ती म्हणाली. "काय नाय," तो म्हणाला. "कुंकू जरा तिरपा लागला हा." तिने पदराने कपाळ टिपलं आणि पोरीचा हात धरून निघून गेली.

सगुणाने फियाट मेजावर आपल्या बरोबर समोर ठेवली. ह्या वेळी कुशीला नाही, समोर. फळ्यांवरच्या एकतीस गाड्यांवरून त्याने एकदा नजर फिरवली. बसच्या मागच्या दिव्याचा रंग एका बाजूला किंचित गडद होता, हे त्याला आत्ता दिसलं. कुंचला बुडवला. हात कापेल असं वाटलं होतं, पण हात कापला नाही. हाताला भीती कळत नसते, त्याला फक्त काम कळतं. वरची रेघ, खालची रेघ, पांढरा, बुबुळ. मग त्याने श्वास धरला, वाकून थेट काचेत बघितलं आणि काळे ठिपके टेकले.

डोळे परसाकडून वळले. रंगवलेले, पत्र्याच्या गाडीच्या काचेवरचे डोळे सावकाश वळले आणि त्याच्यावर येऊन थांबले. त्यांत राग नव्हता, माया नव्हती, काहीच नव्हतं. उन्हाळ्यात कोरड्या विहिरीत वाकून बघितल्यासारखं त्याला झालं. मग खोली गेली. मेज गेलं, जनेल गेलं, त्याचा स्वतःचा हात गेला. दिसायला लागला तो एक म्हातारा. अगदी जवळ, खालून पाहिल्यासारखा, नाकपुड्यांत पांढरे केस, चष्मा घसरलेला, हातात कुंचला. एवढा म्हातारा मी कधी झालो, असं सगुणाच्या मनात आलं. म्हाताऱ्याचे डोळे उघडे होते आणि ते कशाकडेच बघत नव्हते.

परसातून आवाज आला. "आजी! तुझ्या केसात पान अडकलंय! आजी, तो बघ सरडा! तो बघ, तो बघ!" आणि मग देवकीचं रडणं, हसण्यात मिसळलेलं. सगुण खुर्चीत मागे टेकला. त्याने ते सगळं कान भरून ऐकलं. सरड्याच्या मागे धावणारी पावलं, पडणं, उठणं, हसणं.

त्याने चाचपडत गाडीच्या टपावर हात ठेवला. तिला भिंतीकडे वळवून ठेवायचं असं त्याने ठरवलं होतं. म्हणजे मग उरलेल्या दिवसांत चुन्याची भिंत. तेवढ्यात पडवीतून धावत येणारी पावलं आली आणि आतल्या दारात, त्याच्या डाव्या हाताला, थांबली.

"आबा! आबा, बघा! मी पडले ना, तर माझा हलणारा दात पडला! बघा ना!"

ती चार हात अंतरावर होती. तिचा श्वास ऐकू येत होता. हलणारा दात कुठला होता, पुढचा की बाजूचा? आठ दिवस पोर समोर वावरत होती आणि त्याने तिच्या तोंडाकडे धड बघितलंच नव्हतं, फोनलाच शिव्या देत राहिला होता. गाडी वळवायची म्हणून टपावर ठेवलेला हात तसाच होता. भिंत उजवीकडे होती आणि पोर डावीकडे. डावीकडे बोटभर वळवली की झालं. एकदाच. दात पडलेलं तोंड, एकदाच.

"आबा, बघा ना! तुम्ही बघतच नाही!"

म्हाताऱ्याचा हात टपाकडे लांबलेला सगुणाला दिसत होता. म्हाताऱ्याच्या गालावरून पाणी ओघळताना दिसत होतं. मग म्हाताऱ्याने हात काढून घेतला, दुसऱ्या हातात घट्ट धरला आणि मांडीवर दाबून ठेवला.

"थयच रव गो बाय," सगुण म्हणाला. "थयसूनच सांग. माका आयकाक येता."